वाळूजचे 14 हजार की पुण्याचे 21 हजार?

सेलूच्या एका मुलानं विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. 2025 ला मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं. घरी तीन एकर, कापूस आणि सोयाबीन. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलेलं. हातात दोन नोकऱ्या आहेत. एक संभाजीनगरजवळच्या वाळूजला, मशीनिंगचे पार्ट बनवणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यात क्वालिटी ट्रेनी, 14,000. दुसरी पुण्याला, सगळ्यांना माहीत असलेल्या एका मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत, पण ठेकेदाराच्या पगारावर, 21,000. काम स्टोअरमध्ये, आवक-जावक कॉम्प्युटरवर चढवायचं. मामा म्हणतात, ‘कशाला कारखान्यात झिजायलास, दोन वर्षं अभ्यासिकेत बस, एमपीएससी काढ.’ त्याला विचारायचंय ते असं: पहिल्या नोकरीनं खरंच एवढा फरक पडतो का, की मिळेल ती धरावी आणि पुढचं पुढं बघावं? आणि मामांना काय सांगू?

वयानं माझ्या लेकरासारखा आहेस, म्हणून ‘तू’च म्हणतो. मी मूळचा जिंतूर तालुक्यातला. चोवीस वर्षं वाळूजमध्ये क्वालिटीत काढली, आणि गेली दहा-बारा वर्षं आमच्याकडं येणाऱ्या पोरांच्या मुलाखती घेतो. त्यामुळं जे सांगतो ते कारखान्यातलं सांगतो. बँक, शाळा, सॉफ्टवेअर इथला हिशोब वेगळा असू शकतो.

तू पगारांची तुलना मांडलीस, पण मला तुझ्या प्रश्नात दुसराच प्रश्न दिसतो. दोन वर्षांनी तू माझ्यासारख्या कुणासमोर दुसऱ्या नोकरीसाठी बसशील. त्या दिवशी तुझ्याकडं स्वतःच्या हातानं केलेलं असं सांगण्यासारखं काय असेल? पहिली नोकरी महत्त्वाची का, याचं उत्तर मला तरी तिथंच सापडलंय.

मागं एकदा क्वालिटी इंजिनिअरच्या एका जागेसाठी एकाच दिवशी दोन मुलं आली. दोघांचाही अनुभव दोन वर्षांचा. मी टेबलावर लेथवर बनवलेली एक पिन आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास मोजायची सरकती पट्टी, ठेवतो आणि म्हणतो, व्यास सांग. पहिल्याच्या कागदावर मोठं नाव होतं. त्यानं व्हर्नियर उचलला, पिन धरली, आकडा सांगितला. दुसरा जालन्याकडचा, चिकलठाण्यातल्या पंधरा माणसांच्या जॉबवर्क शॉपमधून आलेला. त्यानं आधी पिनेवरचं तेल पुसलं. मग व्हर्नियरचे जॉ, म्हणजे पार्ट धरणारे दोन जबडे, अंगठ्यानं पुसून बंद केले, खिडकीकडं धरून मधून उजेड येतो का ते पाहिलं, शून्यावर शून्य बसतंय का पाहिलं. पिन मोजली, फिरवून परत मोजली, दुसऱ्या टोकाला परत मोजली. मग म्हणाला, ‘सर, जरा ओव्हल वाटायलीय. मायक्रोमीटर मिळंल का?’ मायक्रोमीटर म्हणजे व्हर्नियरपेक्षाही बारीक माप घेणारं साधन.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, ‘आमच्याकडं एक मिस्त्री होते. झिरो न बघता मोजलं की हातातून व्हर्नियर काढून घ्यायचे.’

पहिल्या मुलाच्या अक्कलहुशारीत काही कमी नव्हतं. मार्क त्यालाच जास्त होते. पण दोन वर्षांत त्याच्या हातातून व्हर्नियर काढून घेणारं कुणी भेटलं नव्हतं. त्याचं काम दुसऱ्यांनी मोजलेले आकडे एक्सेलमध्ये भरून वर पाठवायचं. मोठं नाव कंपनीचं होतं, त्याच्या वाट्याला आलेलं काम मात्र कुठल्याही ऑफिसात कुणीही केलं असतं.

फ्रेशरला एक सवलत असते, आणि ती फार थोडे दिवस टिकते. त्याला काहीही विचारता येतं. ड्रॉइंगवरचं हे चिन्ह काय, हा गेज (पार्ट मापात आहे का ते तपासायचं साधन) ‘नो गो’ का म्हणायचा, रिजेक्शनचा ट्रे लालच का, असल्या प्रश्नांना पहिल्या वर्षी कुणी हसत नाही. सांगणाऱ्यालाही बरं वाटतं. तीन वर्षांच्या अनुभवाचं लेबल लागलं की तेच प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाहीत. समोरचा धरून चालतो की तुला येतं, तूही तसंच दाखवायला लागतोस. मग न आलेलं झाकण्यातच डोकं खर्ची पडतं.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. 2001 साली माझी पहिली नोकरी लागली तिथं लॉट निघायच्या घाईत मोजायला वेळच नसायचा. सीनियर म्हणायचे, मागच्या रिपोर्टवरून आकडे उतरव, शेवटचा अंक इकडचा तिकडं कर, सही कर. दहा महिने मी सह्या केल्या. एक दिवस ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. भोकं मापात नव्हती, आणि रिपोर्टवर सही माझी. आरडाओरडा झाला तो विसरलो. विसरलो नाही ते पुढचं. दुसऱ्या ठिकाणी लागलो तेव्हा तिथल्या इन्चार्जनं मायक्रोमीटर हातात दिला आणि मी रॅचेट, म्हणजे बेताचाच दाब पडू देणारी टोकाची चकती, न वापरता थिंबल, म्हणजे फिरवायची नळीच आवळून पिळत होतो. नोकरीला वर्ष होत आलं होतं. लागलेली वाईट सवय मोडायला मला दीड वर्ष लागलं, नव्यानं शिकायला सहा महिने पुरले असते. आजही एखाद्या रिपोर्टवर पाचही रीडिंग एकसारखी दिसली की मी उठून स्वतः पार्ट मोजतो.

आता, पहिली नोकरी चुकली तर सगळं संपलं का? नाही, आणि हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञांनी मंदीच्या वर्षात पदवी घेतलेल्या मुलांची पुढची कमाई वर्षानुवर्षं तपासली. त्यांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मुलांची कमाई सुरुवातीला सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती, पाच वर्षांत ती तूट निम्म्यावर आली आणि दहा वर्षांत जवळजवळ भरून निघाली. भरून निघाली ती मुख्यतः नोकरी बदलून, हळूहळू जास्त चांगल्या कंपन्यांकडं सरकून. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांची बाजू मुळात लंगडी, त्यांना असं सरकता आलं नाही आणि त्यांचा तोटा कायमचा राहू शकतो. जपानमध्ये 1990 च्या दशकात पदवीधरांची अख्खी पिढी अशी अडकली. तिथं कंपन्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांनाच घ्यायच्या. ती वेळ हुकलेली मुलं कंत्राटी कामात राहिली आणि चाळिशीत आल्यावर 2019 मध्ये सरकारला त्यांच्यासाठी खास योजना आणावी लागली.

हे परदेशातलं झालं, पण त्यातलं मर्म मला इथंही रोज दिसतं. पहिली नोकरी लहान असली तरी चालतं, तिथून पुढं सरकता आलं पाहिजे. आपल्या मराठवाड्यातल्या पोरांची बाजू तशी लंगडीच असते: घरात कुणी कारखान्यात नाही, ओळख नाही, इंग्रजीची भीती, मुलाखतीत चार वाक्यं धड निघत नाहीत. ज्याच्या मागं घराणं आणि ओळखी आहेत त्याला पहिली नोकरी कशीही लागली तरी चालून जाते. आपल्याला ती नीट निवडावी लागते.

या नजरेनं तुझ्या दोन्ही नोकऱ्या बघू.

पुण्याच्या नोकरीत पहिलं विचार, सॅलरी स्लिपवर नाव कुणाचं येणार? गेटवर मोठ्या कंपनीचं नाव असतं, तुझ्या स्लिपवर, पीएफच्या खात्यात आणि अनुभवाच्या पत्रावर ठेकेदाराचं असणार. दोन वर्षांनी मी तुझा कागद हातात घेईन तेव्हा मला ठेकेदार दिसेल आणि स्टोअर दिसेल. स्टोअरचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. ज्याला मटेरियल, खरेदी, लॉजिस्टिक्समध्येच जायचंय त्यानं मन लावून केलं तर त्यातही चांगली वाट आहे, विशेषतः एसएपी या कंपन्यांतल्या हिशोब-साठ्याच्या सॉफ्टवेअरवर हात बसत असेल तर. पण तू लिहिलंस की तुला उत्पादन किंवा क्वालिटीत यायचंय. स्टोअरमधून तिकडं यायला आतल्या कुणीतरी हात द्यावा लागतो, आणि ठेकेदाराच्या माणसाला तसा हात क्वचितच मिळतो.

दुसरं, 21,000 म्हणजे नक्की किती? तू ऑफर लेटरमधला सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा लिहिलायस. समजा बेसिक 12,000 आणि बाकीचे भत्ते 6,900, म्हणजे ग्रॉस 18,900. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,440 आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे 614 मिळवले की 21,000 च्या जवळ आकडा जातो. तुझ्या ग्रॉसमधून तुझा पीएफ 1,440, ईएसआयसी 142 आणि व्यवसाय कर 200 वजा होतात. हातात साधारण 17,100. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापले तर आणखी कमी. वाळूजचे 14,000 जर ग्रॉस असतील आणि बेसिक 10,000 धरलं, तर तसाच हिशोब करून हातात साडेबारा हजार येतात. म्हणजे तुझा सात हजारांचा फरक प्रत्यक्षात साडेचार हजारांच्या घरात आहे. आता पुण्यातली खोली, मेस आणि जाण्या-येण्याचा खर्च एकीकडं मांड, वाळूजजवळच्या बजाजनगर नाहीतर रांजणगावात तिघांत मिळून घेतलेली खोली दुसरीकडं. संभाजीनगरहून सेलूला थेट रेल्वे आहे. फवारणीला, वेचणीला, आईच्या दुखण्याला तू रविवारी घरी जाऊन सोमवारी शिफ्टला परत येऊ शकतोस. हे पैशात मोजता येत नाही, पण पोरं नोकरी सोडून परत जातात ती बहुतेकदा याच गोष्टींपायी.

तुझे आकडे वेगळे निघू शकतात, म्हणून दोन्हीकडून पगाराचा तक्ता लेखी माग. लाजू नकोस. पीएफ आणि ईएसआयसी लागू आहे का तेही विचार. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं तर ते कापलं जात नाही, आणि त्यात बेकायदा काही नाही, पण आधी माहीत असावं. ईएसआयसी असेल तर आई-वडील तुझ्यावर अवलंबून आहेत म्हणून त्यांच्या उपचाराचीही सोय होते. तुझ्यासारख्या घराला ही लहान गोष्ट नाही.

वाळूजबद्दल आता. 1985 ला बजाज ऑटोचा कारखाना तिथं सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचं जाळं उभं राहिलं. अशा चाळीस-पन्नास माणसांच्या ठिकाणी क्वालिटीत तिघं-चौघंच असतात. एक रजेवर गेला की नवा पोरगाही लॉट पास करायला उभा राहतो. ग्राहकाकडून तक्रार आली की पार्ट हातात घेऊन तुलाच सांगावं लागतं की चूक कुठं झाली, पाच वेळा ‘का’ विचारून मुळाशी जावं लागतं. ग्राहकाचा इंजिनिअर ऑडिटला येतो तेव्हा मालकाच्या शेजारी तू उभा असतोस. आपल्याकडं ज्याला ‘ओळख’ म्हणतात ती अशी तयार होते. मी स्वतः तीन मुलं अशीच घेतलीत: पुरवठादाराकडं ऑडिटला गेलो, पोरानं झालेली चूक न झाकता सांगितली, नाव लक्षात ठेवलं, जागा निघाल्यावर फोन केला.

पण प्रत्येक लहान कारखाना शिकवतोच असं नाही. माझी पहिली नोकरीही लहान ठिकाणचीच होती. म्हणून होकार देण्याआधी एकदा दिवसाउजेडी जाऊन आत चक्कर मार. जागा बघितल्याशिवाय मी कुणाला होय म्हणू देत नाही. गेजवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे तो गेज स्वतः बरोबर मोजतो का हे तपासल्याचं स्टिकर आहे का आणि त्यावरची तारीख उलटून गेलीय का, बघ. रिजेक्शनचा लाल ट्रे रिकामा आणि धुळीनं भरलेला असेल तर समज की तिथं खराब माल बाजूला काढतच नाहीत. आयएटीएफ 16949 चं, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीच्या क्वालिटीच्या मानकाचं प्रमाणपत्र आहे का विचार. असलं तर निदान कागदांची शिस्त शिकशील. मग ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्या माणसाला पाच मिनिटं भेट. मालकाला किंवा एचआरला नव्हे, त्यालाच. त्याला विचार, माझ्याआधी या जागेवर कोण होतं आणि तो आता कुठं आहे? ‘तो अमुक ठिकाणी गेला, चांगला लागला’ असं उत्तर आलं तर तिथून वाट पुढं जाते. ‘कुणी टिकतच नाही’ असं आलं तर दोनदा विचार कर. अख्ख्या फेरीत हा एकच प्रश्न विचारता आला, तरी तो चुकवू नकोस.

बाँडचं, म्हणजे ठरलेला काळ नोकरी न सोडण्याच्या लेखी कराराचं तू लिहिलं नाहीस, पण निघेल म्हणून सांगून ठेवतो. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नकोस. झेरॉक्स दे, मूळ दाखवून परत घे. बाँडचा कागद सही करण्याआधी घरी आणून वाच. नोकरी सोडल्यावर दुसरीकडं कामच करायचं नाही अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढं टिकत नाही. पण ठरलेला काळ न थांबल्यास भरपाई, ही अट वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, 2 लाखांचा बाँड ग्राह्य धरलाय. तेव्हा ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ असं मित्र म्हणतात, त्यावर जाऊ नकोस.

किती दिवस थांबावं? मी दोन वर्षं म्हणतो. पहिले सहा महिने तू लोकांच्या पायात येतोस. पुढचे सहा महिने सांगितलेलं करतोस. तुझ्यावर सोडून दिलेली कामं, म्हणजे नव्या पार्टची कागदपत्रं, एखादी तक्रार सुरुवातीपासून शेवटापर्यंत, ही दुसऱ्या वर्षी येतात, आणि मुलाखतीत सांगण्यासारखं तेच असतं. वर्षाच्या आत दोन हजारांसाठी उडी मारलेली पोरं मी बघतो. तीन कंपन्यांत तीन वेळा पहिलेच सहा महिने काढलेले असतात. मात्र खोट्या सह्या करायला लावत असतील, पगार थकवत असतील तर दोन वर्षांची वाट बघू नकोस. दुसरं बघ आणि नीट रिलीव्हिंग लेटर घेऊन बाहेर पड.

माझा कल तुझ्या लक्षात आला असेल. वाळूजची जागा बघून आलास, वरचा माणूस शिकवणारा वाटला, तर मी ती घेईन. पण ते तुझ्या घरावर अवलंबून आहे. बहुतेक बँका शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू करायला साधारण वर्षभराची सवलत देतात. तुझी किती राहिलीय आणि हप्ता किती बसतो, ते शाखेत जाऊन लिहून आण. साडेबारा हजारांतून खोली, जेवण आणि हप्ता निघतच नसेल, किंवा सावकाराचं देणं असेल, तर पुण्याला जा आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. घर बुडत असताना करिअरचा सल्ला देणारा माणूस मला आवडत नाही. फक्त तिथं एक कर: शिफ्ट सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस क्वालिटीच्या माणसांत जाऊन उभा राहा, ड्रॉइंग वाचायला शिक, आणि वर्षभरात तिकडं सरकता येतं का बघ. नाही आलं तर वर्ष पूर्ण झाल्यावर बाहेर अर्ज सुरू कर. पाच वर्षं ‘बघू’ म्हणत काढू नकोस.

आता मामा. ते तुझ्या काळजीपोटीच म्हणतात. त्यांनी शेतीतली अनिश्चितता बघितलीय, सरकारी नोकरीचं घर कसं उभं राहतं तेही बघितलंय. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आकडे ठेव. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा 38 आहे, मागासवर्गीयांना 43. तू आज 22 चा. परीक्षा पळून जात नाही. कारखान्यात मात्र ट्रेनीच्या जाहिरातीत पास झाल्याचं साल लिहिलेलं असतं, 2024 किंवा 2025. दोन वर्षं अभ्यासिकेत गेली आणि निकाल लागला नाही, तर 24 व्या वर्षी तू 2027 च्या पोरांसोबत रांगेत उभा राहशील आणि गेटवरचा माणूस साल बघूनच कागद परत करेल. नोकरी करून अभ्यास होतो असं मी म्हणणार नाही, शिफ्टमध्ये तो फार कठीण जातो. पण तुला स्वतःला मनापासून अधिकारी व्हायचं असेल, तर दोन वर्षं काम कर, थोडे पैसे बाजूला टाक, आणि मग किती वेळा परीक्षा द्यायची ते आधी ठरवून बस. परत यायला एक हातातलं काम तरी असेल.

आणि मामांना नुसतं सांगत बसण्यापेक्षा कारखाना बघायला जाशील तेव्हा सोबत घेऊन जा. आमच्याकडं एका पोराचे वडील असेच आले होते, पूर्णेजवळच्या खेड्यातून. पोरानं त्यांच्या हातात गेज दिला आणि म्हणाला, ‘हे भोकात गेलं तर चांगला, नाही गेलं तर बाद.’ वडिलांनी स्वतः दहा पार्ट तपासले. एक बाद निघाला. तो हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले, आणि जाताना पोराला एवढंच म्हणाले, ‘नीट बघत जा रे बाबा, लोकायच्या गाडीत बसतंय हे.’